पाठवणाऱ्याचं नाव

मावशीला प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नसे. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातात दोरीचं भेंडोळं दिसलं, तर तिसरा मजला येईपर्यंत ती दोरी कशाला, कुठून घेतली आणि पुरणार का, एवढं सगळं तिने काढून घेतलेलं असे. यात आगाऊपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं असे, आणि एकदा कळलेलं ती विसरत नसे.

असा स्वभाव कुठे खपतो? मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत. तिथे ती सव्वीस वर्षं बसली. एक्स-रे कुठे, डबा कुठून आत न्यायचा, मोठे डॉक्टर आज येणार का, सगळं तिच्या जिभेवर. मग एक दिवस खिडकीच्या जागी बोट लावलं की नकाशा दाखवणारा पडदा बसला आणि मावशी घरी बसली. घरी बसून तिने शेजाऱ्यांना इतकं भंडावून सोडलं की शेवटी तिच्या भाचीनेच तिला उचलून आपल्या ऑफिसात नेलं.

ऑफिस म्हणजे कुरियरच्या गोदामावरच्या दोन खोल्या. चार टेबलं, वायरींचं जंजाळ आणि एक खिडकी, तीही न उघडणारी. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देणं हा भाचीचा धंदा.

"हे बघ मावशी," भाचीने पहिल्या दिवशी समजावलं, "वेबसाइटवर आपण जे लिहितो ते झालं पानावरचं काम. ते बाकीचे करतात. तू पानाबाहेरचं बघायचंस."

"पानाबाहेर काय असतं?"

"बाकीचं जग! दुसऱ्या कुणीतरी आपल्या वेबसाइटचं नाव घ्यायचं, लिंक द्यायची. चांगल्या ठिकाणांहून लिंक आल्या की सर्चमध्ये आपण वर चढतो."

"पण ठिकाण चांगलं आहे हे त्या मशीनला कसं कळतं?"

"त्या ठिकाणाचं नाव आणखी कोण कोण घेतं, त्यावरून."

"आणि त्या आणखी लोकांचं?"

"मावशी, चहा घे."

चहा अर्धा झाला तेव्हा मावशीने कप खाली ठेवला. "अगं, म्हणजे ही डॉक्टरांची चिठ्ठीच की! आमच्याकडे पेशंट बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन यायचे. एक डॉक्टर होते, ते दिसेल त्याला चिठ्ठी द्यायचे. त्यांची चिठ्ठी बघून कुणी खुर्चीतून उठायचं नाही. आणि एक होते, वर्षातून तीनदा लिहायचे. त्यांची चिठ्ठी आली की अख्खा विभाग धावायचा."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. हे समजावायला तिला नव्या माणसामागे एक आठवडा लागायचा.

मावशीला पहिलंच काम मिळालं ते घरचं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे भाचीचा मामा, बूट बनवायचा. साधे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच वाकडी, ज्यांची बोटं गेलेली, अशांचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा तो आधी लाकडी साचा कोरायचा, मग त्यावर बूट बांधायचा. दुकानाच्या तिन्ही भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर लाकडी पावलांच्या चारशे बारा जोड्या. नवखा माणूस दारात दचकायचा.

पूर्वी त्याच्याकडे हाडांचे एक जुने डॉक्टर पेशंट पाठवायचे. ते निवृत्त झाले. त्यात रस्ता रुंद झाला आणि दुकान मागच्या गल्लीत गेलं. गेल्या चार महिन्यांत तीन माणसं आली, त्यातली दोघं पत्ता विचारायला. मोठ्या रस्त्यावरच्या तयार बुटांच्या शोरूमने त्याला नोकरी देऊ केली होती. तीन महिने थांबू म्हणाले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने भट्टीसाठी सगळे साचे न्यायचं कबूल केलं होतं. चांगलं वाळलेलं लाकूड आहे, असंही तो वर म्हणाला होता.

"तीन महिन्यांत माणसं आली तर ठीक," भाऊ म्हणाला. "नाहीतर पहिल्या तारखेला तो हातगाडी घेऊन येईल. ताई, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

मावशीने एक साचा उचलला. वरच्या सपाट बाजूवर, जिथे रंधा लागत नाही तिथे, पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक नाव.

"हे खालचं कुणाचं रे?"

"पाठवणाऱ्याचं. माझ्या उस्तादांची शिस्त. बूट चांगला झाला तर कुणाचे आभार मानायचे आणि बिघडला तर कुणाला तोंड दाखवायचं, ते लाकडावरच असलेलं बरं."

अशा गोष्टी मावशीला कुणी सांगू नयेत. पुढचे दोन दिवस ती शिडीवर चढून साचे वाचत होती. निम्म्यावर डॉक्टरांचं नाव. मग एक व्यायामशिक्षक, एक शिंपी, एक व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई. शेवटच्या तीन साच्यांवर खालची ओळ कोरी होती. त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं. तरीही भावाने ती जागा रिकामी सोडलेली होती.

सोमवारपासून ती कामाला लागली. दुकानाची वेबसाइट सर्चच्या सातव्या पानावर होती. तिथवर कोण जातं, असं तिने विचारलं. कुणीच नाही, असं उत्तर मिळालं. दुकानांचे पत्ते देणाऱ्या पंचवीस-तीस वेबसाइट तिने धुंडाळल्या. अकरा ठिकाणी जुना पत्ता, चार ठिकाणी बंद पडलेला फोन, आणि एका ठिकाणी तर भाऊ चक्क गमबुटांचा घाऊक व्यापारी होता. हे सगळं तिने फोन करकरून, मेल लिहून, काही जणांच्या अक्षरशः मानगुटीवर बसून दुरुस्त करून घेतलं. महिन्याभरात वेबसाइट पाचव्या पानावर आली.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सोपा रस्ता सुचवला. "मावशी, पाचशे लिंक एका दिवसात मिळतात. तयार पॅकेट असतं." मावशीला उत्सुकता. तिने त्यातली एक वेबसाइट उघडून बघितली. एकाच पानावर दात पांढरे करायची पावडर, पाण्याच्या टाक्या, परदेशी शिक्षण आणि लग्नाचे फोटो.

"इथे येतं कोण?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग आपली चिठ्ठी वाचणार कोण?"

भाचीने ते पॅकेट तिथल्या तिथे बंद केलं. असल्या लिंक पकडल्या गेल्या तर वेबसाइट वर जायची सोडून खड्ड्यात जाते, हेही तिने दोघींना सुनावलं.

मग मावशीला तिची जागा सापडली. पायांच्या दुखण्यांबद्दल लोक एकमेकांना प्रश्न विचारत, असा एक चर्चेचा कट्टा इंटरनेटवर होता. शेकडो प्रश्न, आणि निम्म्यांना उत्तरच नाही! मावशीच्या दृष्टीने हा गुन्हा होता. तिने नाव घेतलं 'चौकशी' आणि खिडकी उघडली. सहा आठवडे ती रोज उत्तरं देत होती. उत्तर माहीत नसेल तर फोन करून विचारायची आणि मग लिहायची. शेवटी न चुकता, खिडकीतल्यासारखं, "आणखी काही विचारायचंय?"

पहिली तारीख पंधरा दिवसांवर आली तेव्हा भाचीने हिशेब मांडला आणि तिने डोक्याला हात लावला.

"मावशी, तू एकशे त्रेचाळीस उत्तरं दिलीस. मामाचं नाव एकोणीस ठिकाणी. बाकीच्यांचं काय केलंस?"

"ज्याला जिथे जायला हवं तिथे पाठवलं."

"म्हणजे दुसऱ्या दुकानांत!"

"अगं, त्यांना मधुमेहाच्या चपला हव्या होत्या. तुझा मामा कुठे करतो त्या? नदीपलीकडचा एक जण छान करतो. आणि त्या दुसऱ्या बाईंना बूट नकोच होते, व्यायाम हवा होता. मी फिजिओथेरपीवालीचा पत्ता दिला."

"आणि हे काय लिहिलंयस? 'हे माझ्या सख्ख्या भावाचं दुकान आहे, तेव्हा आणखी दोघांना विचारून मगच ठरवा.' मावशी! आपण मामाचं दुकान वर आणतोय की त्याला शोरूममध्ये पोचवतोय? सहाव्या पानावर गेलोय आपण. परत खाली!"

भाची चिडून बोलत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. लहानपणी तिच्या सपाट पायांसाठी याच मामाने बूट केले होते.

मावशीने हिशेबाचा कागद स्वतःकडे ओढला. तिला स्वतःचीच भीती वाटली. खिडकीत बसून अंगात मुरलेली सवय होती ती. समोरच्याला जे हवं ते सांगायचं, आपल्या हॉस्पिटलात नसेल तर रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात धाडायचं. तिथे ते शोभलं. इथे त्या सवयीपायी भावाचं दुकान बुडालं, तर त्याला तोंड कसं दाखवायचं? त्या संध्याकाळी तिने सगळी उत्तरं पुन्हा वाचली. कुठे बदलता येईल ते शोधलं. एकही बदलण्यासारखं सापडेना. मधुमेहाच्या माणसाला भावाकडे पाठवलं असतं तर त्याचा पाय सडला असता. मावशीने कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा उत्तरं द्यायला बसली. दुसरं तिला येतच नव्हतं.

चार दिवसांनी नदीपलीकडच्या चपलावाल्याचा फोन आला.

"ही चौकशी कोण? माझ्याकडे नऊ जण आले या नावाने. तुमचं माझ्याकडे काय काम आहे?"

"काही नाही हो. तुमच्या चपलांचे तळ कशाचे असतात, तेवढं सांगा. लोक विचारतात."

अर्धा तास दोघं तळांवर बोलले. फोन ठेवताना त्याने तिचं दुकान कुठलं ते विचारून घेतलं. संध्याकाळी त्याच्या वेबसाइटवर नवी ओळ आली: एक पाय आखूड असेल तर माझ्याकडे येऊ नका, इथे जा. खाली भावाच्या दुकानाची लिंक. त्या आठवड्यात फिजिओथेरपीवालीनेही तसंच लिहिलं. मग जुन्या डॉक्टरांच्या मुलीच्या दवाखान्याने. साच्यावरचं नाव वाचून मावशीने तिला महिन्यापूर्वी पत्र धाडलं होतं, त्याचं उत्तर आता उगवलं. पाठोपाठ त्या व्हायोलिनच्या बाईंनी आपल्या शिकवणीच्या पानावर भावाने केलेल्या बुटांचा फोटोच टाकला. भाची रोज सकाळी आकडा बघायची आणि कुणाला काही बोलायची नाही. बहुतेक तिला दृष्ट लागायची भीती वाटत असावी.

पहिली तारीख आली. दुपारी बेकरीवाला हातगाडी घेऊन हजर. वचनाला पक्का माणूस. भावाने खालच्या फळीवरचे साचे दोन पोत्यांत भरले होते आणि तिसऱ्याचं तोंड उघडून तो नुसता उभा होता. मावशी स्टुलावर बसली होती. आज तिला काही विचारायचं नव्हतं.

दारात एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात काठी, एका बुटाखाली रबराचे तीन थर चिकटवलेले. भिंतीवरची पावलं बघून दचकल्या, मग हसल्या.

"पावणेदोन इंचांचा फरक आहे," त्या भावाला म्हणाल्या. "होईल?"

भाऊ खाली बसला आणि त्याने त्यांचा पाय हातात घेतला.

मावशीला राहवेना. "तुम्हाला दुकान कसं सापडलं हो?"

"सर्च केलं. पहिल्या पानावर होतं, शेवटून दुसरं. पण वर आलेल्यांवर माझा विश्वास नाही, जो तो आपलीच टिमकी वाजवतो. म्हणून याच्याबद्दल दुसरं कोण बोलतंय ते बघत बसले. एक चौकशी म्हणून कुणीतरी आहे. मी त्यांची सगळी उत्तरं वाचली. शंभरेक लोकांना त्यांनी दुसरीकडे धाडलंय. मी म्हटलं, जो माणूस एवढ्यांना नको म्हणतो, तो ज्यांना या म्हणतो त्यांनी यावं."

बेकरीवाल्याने घसा खाकरला. "मग मी भरू का?"

"गाडी रिकामी ने," भाऊ म्हणाला. पोत्यांकडे त्याने बघितलंही नाही.

त्याने मागच्या खोलीतून लाकडाचा कोरा ठोकळा आणला. गुडघ्यावर धरून सपाट बाजूवर बाईंचं नाव लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून त्याने विचारलं, "आणि पाठवणाऱ्याचं?"

"ते खरं नाव नाही मला माहीत," बाई म्हणाल्या. "चौकशीच लिहा."

भावाने मान वर करून स्टुलाकडे बघितलं. मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. भाऊ पुन्हा ठोकळ्यावर वाकला आणि इतके महिने रिकाम्या राहिलेल्या त्या जागेवर त्याने जपून, दोन ठळक अक्षरांत लिहिलं: ताई.