बोट उचलायचं नाही

बाबांचा आणि माझा एक खेळ होता. ॲटलास उघडायचा, जगातली कुठलीही एक नदी निवडायची, उगमावर बोट ठेवायचं आणि ते समुद्रापर्यंत न्यायचं. नियम दोनच. बोट उचलायचं नाही आणि उलटं फिरायचं नाही, कारण पाणी डोंगर चढत नाही. वाटेत जो देश लागेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कुणी चुकलं की दुसऱ्यानं ओरडायचं, "चिटिंग!" बाबा रायपूरच्या पाटबंधारे कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नद्यानाल्यांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन माझ्यासोबत पुन्हा नद्याच. आई म्हणायची, "ऑफिसात पोट भरत नाही वाटते तुमचं."

डॅन्यूब माझी लाडकी होती, कारण तिच्यात सगळ्यात जास्त देश मिळायचे. आमचा ॲटलास जुना होता. मधल्या काळात जे देश तुटले ते त्यात अजून अख्खेच होते आणि बाबांनी त्यांच्यावर पेन्सिलीनं बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या. आफ्रिकेतली ओकावांगो मात्र मला बघवत नसे. ती समुद्राला जातच नाही, वाळवंटात पसरते आणि संपते. बोट तिथं थांबलं की मी बाबांकडे बघायची.

"मग पाणी गेलं कुठं?" मी विचारायची.

"जिरलं," बाबा म्हणायचे. जसं काही झालंच नाही.

मी भित्री होते, हे आधीच सांगून टाकते. पुढची हकीकत आमच्या घरी आजही हसायची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मामा तर माझी नक्कलही करतो. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

आपलं वेगळं राज्य होणार, रायपूर राजधानी होणार, असं सगळीकडे चालू झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या चौबे कॉलनीत जो तो खूश. दूधवाला खूश, रिक्षावाला खूश. शाळेत मॅडमनी फळ्यावर मध्य प्रदेश काढला, उजवीकडचा तुकडा डस्टरनं पुसला आणि चार बोटं जागा सोडून तोच तुकडा शेजारी वेगळा काढला. "अब ये हमारा राज्य है." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी त्या चार बोटांच्या जागेकडे बघत होते.

"मॅडम, बीच में क्या है?" मी विचारलं.

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

सीमा म्हणजे काय ते मला तोवर एकाच ठिकाणी दिसलं होतं. दर उन्हाळ्यात आम्ही नागपूरला जायचो. डोंगरगड मागं पडलं की थोड्या वेळानं गाडी बोगद्यात शिरायची. डब्यात मिट्ट काळोख, पोरांची आरडाओरड, आणि पलीकडे उजेड आला की आई म्हणायची, "आला आपला महाराष्ट्र." सीमा अंधारी असते आणि तिच्यातून गाडीनंच जावं लागतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यात आता फळ्यावरच्या त्या रिकाम्या जागेची भर पडली.

खरी भीती घातली ती अम्मांनी, पण त्यांना दोष द्यायचा नाही. अम्मा आमच्या घरमालकीण, खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या मुलांचं पंडरी बाजारात कापडाचं दुकान होतं. अम्मा सिंधमधून आलेल्या. एका दुपारी मी त्यांच्यासोबत गच्चीवर पापड वाळत घालत होते. मी सहज म्हटलं, "अम्मा, अपना नया राज्य बन रहा है. लाइन खींचेंगे."

अम्मांचा हात पापडावरच थांबला.

"हमारे टाइम भी खींची थी," त्या म्हणाल्या. "मेरा बड़ा भाई दादी को लाने गाँव गया था. बोला, दो दिन में आता हूँ. हम कराची से जहाज में बैठ गए. वो उधर रह गया."

"फिर कब आया?"

"कब आता, बेटी," म्हणाल्या आणि पुढचा पापड उचलला.

त्यानंतर आठवड्याभरात बाबांना भोपाळला पाठवलं. नवीन राज्याच्या वाट्याचे नकाशे तिथल्या कचेरीतून उतरवून आणायचे होते. एक नोव्हेंबरला राज्य होणार आणि बाबा त्याच दिवशी सकाळी परत येणार. मी हिशोब घातला. म्हणजे रेघ ओढतील तेव्हा बाबा नेमके मधे असणार. निदान त्या बाजूला तरी असणारच.

मी त्यांच्या बॅगवर बसून राहिले. "नका जाऊ नं बाबा."

"काहून वं? दोन दिवसांत येतो न मी."

हे ऐकलं आणि मी भोकाड पसरलं. अम्मांच्या भावानंही अगदी एवढंच सांगितलं होतं. पण ते बाबांना कसं सांगावं कळेना, आणि सांगितलं तर ते खरं होईल अशीही एक धास्ती होती. आई वैतागली. "रडाले काय झालं? बाबा काय लढाईवर चालले काय?" बाबांनी मला बॅगवरून उचलून बाजूला ठेवलं, खालून हात केला आणि गेले.

एक तारखेला शाळेत लाडू वाटले. माझ्या वाट्याचा मी रुमालात बांधून बाबांसाठी घरी आणला. घरी बाबा नव्हते. दुपार झाली, चार वाजले, बाबा नाहीत. अम्मांचा फोन दोन दिवसांपासून मुका झाला होता. रस्त्यावर फटाके, ढोल, गुलाल. प्रत्येक फटाक्याला मी दचकत होते, कारण मला वाटे की ती रेघ ओढल्याचाच आवाज आहे. आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "गाडी लेट असंन." पण एकच साडी ती उलगडून पुन्हा घडी करत होती, हे मी पाहिलं.

मी ॲटलास काढला. रेघ नक्की कुठून जाते ते बघावं, म्हणजे बाबा कुठपर्यंत आले असतील ते कळेल. पानभर मध्य प्रदेश होता, सलग, एकाच पिवळ्या रंगाचा. रेघच नव्हती. ॲटलास जुना होता ना! जी गोष्ट माझ्या बाबांना अडवून बसली होती ती नकाशात कुठं दिसतच नव्हती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी तशीच धावत खाली गेले आणि अम्मांच्या मांडीत तोंड खुपसून सगळं सांगून टाकलं.

अम्मा हसल्या नाहीत. अख्ख्या रायपुरात त्या एकट्या हसल्या नाहीत. "पागल, ये वैसी लाइन नहीं है" असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फाटकाशी खुर्ची ओढली, मला मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे बघत बसल्या. त्यांचा हात माझ्या हाताइतकाच गार होता. दिवे लागायच्या वेळेला आईनं मला ओढत वर नेलं.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. खांद्यावर नकाशांच्या गुंडाळ्या, दाढी वाढलेली. काम संपलं नाही म्हणून एक दिवस थांबले, एवढंच. मी त्यांच्या पायाला मिठी मारली ती सोडेना. आईनं सगळा प्रकार सांगितला आणि बाबा पोट धरून हसले. "अवं पोट्टे, रेघ कागदावर असते. मीच तं काढतो ते!" मीही हसले, खूप हसले. लाडू चपटा झाला होता, तो त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला.

अम्मा जिन्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी बाबांना एकच विचारलं, "भैया, फिर तो नहीं बुलाएँगे?"

"काहे को बुलाएँगे, अम्मा," बाबा म्हणाले.

पण बोलावलं. काही महिने गेले आणि कचेरीत याद्या लागल्या. जुन्या राज्याची माणसंही दोन्हीकडे वाटायची होती. कोण इकडं, कोण तिकडं. बाबांचं नाव तिकडच्या, भोपाळच्या यादीत निघालं. त्यांनी अर्ज केले, साहेबांना भेटले, पुन्हा अर्ज केले. आईची नोकरी रायपूरला, रेल्वेच्या कचेरीत. ती सोडून चालणार नव्हतं. घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. या वेळी मी रडले नाही. या वेळी आई आणि बाबा दोघंही घाबरले होते, आणि ते बघितल्यावर मला रडायलाही भीती वाटली.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी चहा घेता घेता ॲटलास उघडला. "चल, भोपाळपर्यंत बोट ने."

"कोणत्या नदीनं?"

त्यांनी ॲटलास माझ्याकडे सरकवला. मी आपल्या रायपूरच्या खारून नदीवर बोट ठेवलं. खारूनमधून शिवनाथ, शिवनाथमधून महानदी, तिथून ओडिशा आणि सरळ समुद्र. सगळं पाणी उगवतीला चाललेलं. भोपाळ मावळतीला. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा समुद्रातच गेले. आपल्याकडून तिकडं जाणारी एकही नदी नाही, हे जन्मभर नद्या काढणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल असं नाही.

"थांब, मी दाखवतो," म्हणाले.

त्यांनी माझं बोट आपल्या हातात धरलं. खारूनवरून शिवनाथवर आणलं, तिथून एका बारक्या नदीत वळवलं आणि उलटं, वर वर, मैकलच्या डोंगरापर्यंत चढवलं. नदी संपली. पुढं नुसता तपकिरी रंग होता आणि त्याच्या पलीकडे नखाएवढ्या अंतरावर अमरकंटक, नर्मदेचा उगम. बाबांनी क्षणभर थांबून माझं बोट त्या कोरड्या तपकिरी रंगावरून तसंच पुढं दाबत नेलं आणि नर्मदेत घातलं.

"पोचलो," ते म्हणाले. "होशंगाबादेहून पुढं बसनं. पाहिलं? बोट उचललं काय?"

पाणी डोंगर चढत नाही. नर्मदा भोपाळला जात नाही. त्यांच्या बोटाला घाम आला होता आणि कागदावर ओला माग उमटला होता. मला सगळं दिसत होतं.

मी "चिटिंग" म्हणाले नाही.