चौकीवरची हाक
काल जावयाने दाराच्या गंजक्या कडीला तेल घातलं आणि त्या वासाने मी थेट सत्तावन्नच्या बंडाच्या सालातल्या खाडीवर जाऊन पोचले. माझं लग्न नुकतंच झालेलं. आम्ही दोघं होडीतून मीठ घेऊन कल्याणला जायचो. कोपरच्या वळणावर, टेकाडावर, शिपायांची एक लहानशी चौकी बसवली होती. तिथला म्हातारा हवालदार सदा मांडीवर बंदूक घेऊन पुसत बसलेला असायचा. तेलाचा वास पार पाण्यापर्यंत यायचा. आमचं शीड तो लांबूनच ओळखायचा, तरी उठून विचारायचा, “होडी कुणाची?” हुकूमच होता तसा. आमचे हे ओरडायचे, “मिठाची हो, हवालदार!” मग तो हसून हात हलवायचा. लढाई तिथवर कधी आलीच नाही. पण वर उत्तरेत कुठेतरी देशी पलटणी साहेबावर उलटल्या, म्हणून ठाण्याहून गोरे शिपाई आले आणि सगळा पावसाळा डास खात खाडी राखणाऱ्या ह्याच माणसांच्या बंदुका काढून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर हवालदार तिथेच बसलेला. हातात तेलाची चिंधी होती, मांडी रिकामी. त्याने काही विचारलं नाही. मी हळूच म्हटलं, “अहो, गप्प जाऊ या.” ह्यांनी ऐकलं नाही. वल्हं थांबवून रोजच्यासारखेच ओरडले, “मिठाची हो, हवालदार!” त्याने मान वर केली नाही. पुढे चौकी उठली, तरी हे असेपर्यंत त्या वळणावर ओरडतच राहिले. आता होडी मुलगा नेतो. तिथे कधी चौकी होती, हेच त्याला खरं वाटत नाही.