टोचनभाऊंची चालू गाडी

टोचनभाऊंनी जन्मभर गाड्या चालवल्या, पण त्यातली एकही चालू नव्हती. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणं म्हणजे आमच्या गोंडपिपरीकडे टोचन. ओढणारे पुष्कळ मिळतात. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टेअरिंग धरून कोण बसणार? इंजिन बंद, ब्रेक घट्ट, जरा चुकलं की पुढच्यावर आदळणार. ते काम भाऊंचं. लायसनचं विचारलं की म्हणत, "इंजिनच बंद हाये, तं लायसन कायले पाह्यजे?"

माझा पिकअप तळ्यावरची मासळी बल्लारपूरला न्यायचा. म्हणजे न्यावी अशी माझी अपेक्षा असायची. तो रस्त्यात बसला की भाऊंना निरोप जाई. येताच ते दोरीवाल्यांना थांबवत. "आधी न्यूट्रल कर गा, मंग दोरी." चावी फिरवून स्टेअरिंग मोकळं करायचं, क्लच दाबून दांडा गिअरमधून काढायचा, अडकला तर आम्ही मागून गाडी पुढेमागे हलवायची. दांडा सैल डुलू लागला की भाऊ तो मला डुलवून दाखवायचे. तिकडे मासळी उन्हात सडत चाललेली आणि इथे ह्यांचं प्रदर्शन! माझं डोकं फिरायचं.

भाऊंची लेक रंजू मार्कंड्याजवळच्या गावात दिलेली. लग्न जुळवताना भाऊंनी स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेतलं होतं. आता सासू तिला टोचून विचारायची, ड्रायव्हर बाप दरवेळी एस.टी.नं काऊन येते? मार्कंड्याच्या जत्रेनंतर रंजूला माहेरी आणायचं होतं. भाऊ माझ्या दारात येऊन बसले. "एक डाव मले चालू गाडी दे. पोरीले खाली पाहा लागते."

नाही म्हणवलं नाही. तळ्याच्या पाळीवर मी त्यांना शिकवायला लागलो. गाडी बंद ठेवून ढकलत नेली तर हा माणूस स्टेअरिंगवर खुशीत, पण इंजिन सुरू झालं की दचकायचा. "थे वरडून राह्यली ना!" म्हणायचा.

तरी जायच्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी गाडी आष्टीचा पूल ओलांडून नेली. दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत, घामाने शर्ट भिजला, पण नेली. रंजूचं गाव दिसायला लागलं आणि माझ्या पिकअपने आपला धर्म पाळला. बंद.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. दोरी बांधली, ट्रॅक्टरने हिसका दिला, आमची मागची चाकं घासली आणि दोरी तुटली. गाडी गिअरमध्येच होती. अख्ख्या तालुक्याला न्यूट्रल शिकवणारा माणूस!

"भाऊ, न्यूट्रल कोण करणार?" मी ओरडलो.

त्यांचा हात दांड्यावरून निघेना. "मले वाटलं, मीच चालवून राह्यलो अजून."

त्यांनी क्लच दाबला, मी दांडा काढला, दोरीला गाठ मारली.

अशी आमची वरात दारात पोचली. सासू ओसरीवरच होती, शेजारी रंजू. सासूने तिलाच विचारलं, "काऊन वं, ओढून आणली का गाडी?"

रंजूने ट्रॅक्टर पाहिला, दोरी पाहिली, बापाचा चेहरा पाहिला. "हो. बंद पडली तरी बाबानं सोडली नाई. दुसरा असता तं रस्त्यातच ठेवून आला असता."

भाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. रंजूला माहेरी मात्र आम्ही एस.टी.नेच आणलं.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेराव्याला रंजूची सासू आली होती. आपल्या व्याह्यांबद्दल कोणा पाहुण्याला सांगत होती, "आमचे इवाई डायवर होते." त्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि खोटं बोलतोय असं मला मुळीच वाटलं नाही.