सुईखालची बाही

जिलानीभाई मला पहिल्यांदा दिसले ते भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, पत्र्याच्या शेडसमोर. मी शिकवायचो ती शाळाही तेव्हा तशाच शेडमध्ये भरत होती. शिलाई मशीन आडवं करून ते चिंचेच्या पाण्यात भिजवलेल्या चिंधीनं त्याचं चाक घासत होते. मशीन त्यांच्या बायकोचं, साबेराचं. ढिगाऱ्यातून माणसं काढून झाली, मधे बराच पाऊस झाला, त्यानंतर ते निघालं. भूकंपाच्या रात्री जिलानीभाई लेकीला, अर्शीला घेऊन लातूरच्या दवाखान्यात होते. साबेरा घरी होती.

त्यांची रीत ठरलेली. आधी रॉकेल, मग चिंच, मग चुलीतली राख, शेवटी कोरडं पुसून तेलाचा हात. एकाच जागेला ते हात लावत नसत. सुईखाली अर्शीच्या फ्रॉकची बाही होती, अर्धी शिवलेली, सुईजवळच्या पट्टीनं दाबून धरलेली.

पुढं ते लातूरला आले, मीही निवृत्त होऊन त्याच गल्लीत आलो. तोवर गल्लीत घरं कमी आणि क्लासच्या मुलांची होस्टेलं जास्त झाली होती. जिलानीभाई दुसऱ्यांच्या दुकानात काजं-बटणं करत. घरी मशीन चकचकीत. पण पावसाळा आला की बाहीपासून तांबूस डाग पुन्हा पसरायचा.

"अब्बा, ते कापड ओल धरतंय," अर्शी म्हणायची. "तिथूनच गंज येऊन राहिलाय. काढा की."

"तुझ्या अम्मीनं ठेवलंय. मी कसा उचलू?"

"मग घासता कशाला? तसंच राहू द्या."

यावर ते राखेचा डबा जवळ ओढायचे.

एकदा मुकुल त्यांच्या दारात आला. माझा जुना विद्यार्थी, आता होस्टेलचा मालक. म्हणाला, "चाचा, मशीन चालू करा. गाद्यांच्या सगळ्या खोळी दरवर्षी तुमच्याकडं. दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस बसणार?"

त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. "गुरुजी, नुसतं बसा इथं." त्यांनी पट्टी उचलली. बाही हातात आलीच नाही; भुगा झाला. तो त्यांनी रुमालात बांधला, तेल सोडलं, नवं कापड घातलं आणि पायानं खालचा पायटा मारला. चाक छान फिरलं. सुई खाली-वर होत राहिली, एकाच भोकात. कापड पुढं सरकवणारे खालचे दाते गंजानं पार खाल्ले होते.

नवे दाते बाजारात मिळाले. पण जुन्यांचा स्क्रू रॉकेलमध्ये भिजवूनही हलेना. जोर लावला तेव्हा त्याचं डोकं तुटलं आणि मशीनचं खालचं ओतीव लोखंडच चिरलं.

"ते कापड काढायचंच होतं, तर आधीच काढायचं," अर्शी हळूच म्हणाली.

"हाव," ते म्हणाले.

जिलानीभाई आता मुकुलच्या होस्टेलच्या फाटकावर बसतात. खोळी नांदेडहून शिवून येतात. त्यांचे गठ्ठे टेम्पोतून तेच उतरवून घेतात.