यादीतून सुटलेली काच

लातूरच्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत, भिंतीवर माझी नऊ कामांची यादी होती. पहिलं काम: जाडी माहीत असलेली काच मोजून बघायची. आकडा बरोबर आला तरच प्लेटांना हात लावायचा.

प्लेटा म्हणजे फुग्यातून खूप उंच पाठवून आणलेल्या, फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेल्या काचा. लेपातल्या अणुकेंद्रावर विश्वकिरण आदळला की तिथून बारीक काळ्या रेषा फुटतात. ऊर्जा जितकी जास्त, तितका रेषांचा झुपका अरुंद. कोन मोजून मी ऊर्जा काढायची. साठ टकरी झाल्या की पीएच.डी., आणि ती झाली तरच नोकरी पक्की. प्लेटा दिवाळीआधी मुंबईला परत द्यायच्या होत्या.

भूकंपात गिलाव्यासकट यादी खाली आली. सूक्ष्मदर्शक आडवा पडला. आठवडाभर मी औशाकडच्या छावणीत याद्याच केल्या, कोण सापडलं आणि कोण नाही याच्या. परत आल्यावर कामांची यादी आठवून लिहिली. ती आठ कामांची झाली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर जोरदार टकरी मिळू लागल्या. बाहेर एवढं घडलेलं असताना मला आनंद झाला, हे लिहायलाही लाज वाटते. भूकंपानंतरच्या तेवीस टकरी झाल्यावर वही घेऊन नांदेडला मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी पानं मागेपुढे केली.

"बाई, मोठे आकडे सगळे भूकंपानंतरचेच कसे?"

परतीच्या एसटीत नवी यादी तीनदा वाचली, तेव्हा कळलं: पहिलं कामच सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या चाचांकडे काच मागितली.

"डबीतच हाय, मॅडम. भूकंपापासून तुम्ही मागितलीच न्हाई. मला वाटलं, आता लागत नसंल."

काच पाच वेळा मोजली. पाच वेगळे आकडे आले, सगळे कमी. नजर किती खोल उतरली ते मोजणारा स्क्रू घसरत होता. म्हणून खोल उतरणाऱ्या रेषाही आडव्या वाटत होत्या, झुपके अरुंद, ऊर्जा मोठी. घसरण दर वेळी वेगळी, त्यामुळे जुने आकडे सुधारताही येईनात.

हाताशी पाच दिवस उरले होते. सोमवारपासून खोली प्रवेश परीक्षेच्या खास तुकडीला दिलेली; बाकं व्हरांड्यात येऊनही पडली होती. चाचांनी स्क्रू आवळून दिला, काचेचा आकडा बरोबर आला. मी सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसले. डोळ्यांतून पाणी यायचं, रेषा दोन-दोन दिसायच्या. सात टकरी पुन्हा मोजून झाल्या. सोळा राहिल्या.

त्या सोळांचे जुने आकडे वहीत होतेच. तसेच ठेवले असते तर सर पुन्हा विचारणार नव्हते, याची मला जवळपास खात्री होती. अर्धा तास वही उघडी ठेवून बसले. मग पट्टी लावून सोळा ओळी तांबड्या पेनाने खोडल्या.

चाचांनी प्लेटांचं खोकं सुतळीने बांधलं. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, पुढच्या वर्षी प्लेटा पुन्हा मागू. मी हो म्हटलं. तोवर नोकरी राहील की नाही, ठाऊक नव्हतं; यादीत मात्र ते लिहिलं नाही.