पुण्याच्या मॅरेथॉनमधली सतरंजी

मी आज जो काही आहे तो माने सरांमुळे. आमच्या तालुक्याच्या शाळेत ते खेळ शिकवतात. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मीही शाळा सोडून वीटभट्टीवर निघालो होतो. सरांनी मला मैदानावर नेलं आणि म्हणाले, "पळ. मी शिट्टी वाजवेपर्यंत थांबायचं नाही." तेवढ्यात मुख्याध्यापकांनी त्यांना आत बोलावलं. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा मी पळतच होतो. "हा टिकतो," एवढंच म्हणाले. मी पदवीधर झालो तो त्या दोन शब्दांवर.

सर यंदा निवृत्त होणार. शाळेत हल्ली खेळाच्या तासाला गणित घेतात. सर मला म्हणाले, "पुण्याच्या मॅरेथॉनचं प्रमाणपत्र आण. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतो आणि तास परत मागतो." म्हणून मी एसटीत बसलो.

शनिवारी दुपारी स्वारगेटला उतरून चालत नारायण पेठ गाठली. तिथे सरांचे मित्र लेले काका राहतात. एका दुकानदाराला घर विचारलं. त्याने माझे नवे बूट न्याहाळले.

"मॅरेथॉनला आलात?"

"हो."

"मग बरंच लांब जायचंय आपल्याला. सुरुवात म्हणून इथून डावीकडे वळा."

काका निवृत्त कारकून. काकूंनी मऊ खिचडी वाढली, वर तुपाची धार. काकांनी चौकशी आरंभली.

"अर्ध्या मॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर धावून पोचणार कुठे?"

"जिथून निघणार तिथेच, काका."

"मग निघता कशाला?"

मी आणखी खिचडी वाढून घेतली.

सकाळी सहाला मैदानावर हजारो माणसं. निम्मी धावायला आली होती, निम्मी धावताना दिसायला. माझ्या शेजारी खराडीच्या एका कंपनीतला निखिल उभा होता. प्रत्येकाला एक चिप (बुटाच्या नाडीत ओवायचा, धावण्याची वेळ नोंदणारा नाण्याएवढा तुकडा) मिळाली होती. निखिलच्या दोन्ही बुटांत एकेक होती.

"एक माझी, एक बॉसची," तो म्हणाला. "बॉस झोपलेत."

"मग त्यांची मॅरेथॉन?"

"तीच तर पळतोय. पुढच्या महिन्यात अप्रेजल आहे ना!"

शिट्टी झाली आणि गर्दीने मला उचलूनच पुढे नेलं. पहिल्या पुलावर बरेच स्पर्धक सेल्फीसाठी थांबले, आणि मी विनासायास शंभर जणांच्या पुढे गेलो. पुढे एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला ताटकळले होते.

"अहो, मागे कुणी लागलंय का?"

"नाही, आजोबा."

"मग आम्हाला जाऊ द्या की!"

मी थांबून त्यांना पलीकडे पोचवलं. त्यांनी आभार मानले नाहीत. "धावा आता, उशीर होईल," म्हणाले.

शेवटचे दोन किलोमीटर पाय माझे नव्हते. समोर कमान दिसली. कमानीखाली रस्ताभर लाल सतरंजी, पलीकडे खुर्च्यांवर पाहुणे, टेबलावर हार. शाळेच्या प्रत्येक समारंभात माने सर दाराशी उभे असायचे: सतरंजीवर पायताण चालणार नाही. माझे पाय आपोआप थांबले. मी बूट सोडले, कडेला नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी आत गेलो. पाहुण्यांना नमस्कार केला. बाजूने वळसा घालून बूट आणले, पोह्यांच्या रांगेत उभा राहिलो, मग प्रमाणपत्राच्या.

लॅपटॉपवरची मुलगी म्हणाली, "दादा, तुमची स्टार्टची नोंद आहे, फिनिशची नाही. चिप मॅटवरून गेलीच नाही."

"कुठली मॅट?"

"ती लाल. तिच्यात मशीन असतं."

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते दिसतंय हो. पण सिस्टिमप्रमाणे तुम्ही अजून वाटेत आहात."

बूट घालून पुन्हा जाऊन येतो म्हणालो. मागे वळून पाहिलं तर दोघे जण सतरंजी गुंडाळत होते. शेजारच्या टेबलावर निखिल बॉसचं प्रमाणपत्र घेत होता. बॉसची वेळ चांगली आली होती.

परतीच्या एसटीत पाय दुखत होते, पण त्याहून जास्त सलत होता माझा रिकामा हात. पुण्याला दोष देववत नाही. तिथे माणसाची नोंद बुटावरून होते, आणि आम्हाला बूट बाहेर काढायला शिकवलेलं. गावी उतरल्यावर सरांसमोर जाण्याचा धीर झाला नाही. शेजारच्या मुलाच्या हाती हे पत्र पाठवलं.

"ती. माने सरांना साष्टांग नमस्कार.

प्रमाणपत्र मिळालं नाही. सतरंजीवर मी बूट घालून गेलो नाही, एवढंच कारण. मी पूर्ण धावलो, हे तुम्ही मानाल. मुख्याध्यापक मानणार नाहीत. पण पुण्याच्या संगणकाप्रमाणे मी अजून वाटेत आहे. म्हणून सोमवारी, खेळाच्या तासाला, मुख्याध्यापकांच्या खिडकीसमोरच्या मैदानावर उरलेलं धावायला येतो. मुलं गणिताच्या वहीतून मान वर करतीलच.

तुम्ही शिट्टी घेऊन या. तास परत मिळेपर्यंत वाजवू नका."