अंपायर काका आणि कार्डावरची बाई

अंपायर काका तोंडाने कधी 'नाही' म्हणत नसत. उजव्या हाताची तर्जनी सावकाश वर नेत, क्षणभर तिथे ठेवत आणि खाली आणत. समोसा शिळा निघाला की बोट वर. मराठी मंडळाच्या सभेत 'दोनच शब्द बोलतो' असं म्हणत कुणी दुसऱ्यांदा उठलं की बोट वर. काका भूलतज्ज्ञ होते. हॉस्पिटलच्या नोकरीसाठी तरुणपणी पुण्याहून इंग्लंडला आले आणि लंडनजवळच्या आमच्या स्लाऊचेच झाले. "जन्मभर मी लोकांना झोपवलं," ते म्हणत, "आता रिटायर झालोय तर तुम्ही मला भाषणांनी झोपवता." त्यांचं आडनाव मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला पार्कात क्रिकेट व्हायचं आणि अंपायर अर्थातच काका. त्यांचं एकच तत्त्व होतं: शंका असेल तर फायदा बॅट्समनला. मला मात्र त्यांनी एकदा पायचीत दिलं. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर कसा जात होता हे मी कोन सांगून पटवू लागलो, तर म्हणाले, "पॅव्हेलियनमध्ये जाऊन वाद घाल. तिथे चहा आहे." पॅव्हेलियन म्हणजे झाडाखालचं घडीचं टेबल. त्याच दिवशी काका बॅटिंगला गेले आणि आमच्या एका होतकरू अंपायरने त्यांना झेलबाद दिलं. बॅट आणि चेंडू यांच्यामध्ये एखादी बस गेली असती. काका मुकाट्याने परत आले. मी म्हटलं, "काका, अहो लागलाच नव्हता तुमच्या बॅटला!" ते पॅड सोडत म्हणाले, "अंपायर चुकतो रे. म्हणून काय प्रत्येकाने अंपायर व्हायचं?"

हे वाक्य मला तेव्हाच नीट कळायला हवं होतं. पण माझा पिंड वेगळा. मी पेन्शनचे आकडे तपासतो. घरी आल्यावर दुधाच्या बाटलीवरची तारीख, गॅसचं मीटर आणि मुलांचं गणित तपासतो. "तू मॅच बघत नाहीस, स्कोअरकार्ड वाचतोस," असं माझी बायको मुग्धा म्हणते, आणि ते खरं आहे. चेंडू कुठे गेला हे मला सांगता येत नाही, सरासरी सांगता येते.

काकू गेल्या त्यानंतरच्या वसंतात काकांनी मला बोलावलं. त्या लग्न होऊन इथे आल्या त्या पहिल्या वर्षाचे फोटो शोधायला काका लॉफ्टवर चढले होते. तिथला पाइप कधीतरी थंडीत फुटला होता आणि अल्बमची वीट झाली होती. एकही पान सुटेना. "पहिल्या वर्षातली ती मला दिसत नाही," ते म्हणाले. "आठवायला गेलो की नंतरचीच आठवते. चष्मेवाली."

मग त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. पूर्वी गोळ्यांच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं यायची, त्यातलं. कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून भरणाऱ्या जुन्या बाजारात, कपबश्यांच्या खोक्यात मिळालेलं. एक काउंटी बॅट्समन फटका मारतोय, मागे प्रेक्षक, आणि प्रेक्षकांत हिरव्या साडीतली एक बाई. तिचा चेहरा मोहरीएवढा.

"ही ती आहे," काका म्हणाले. "पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला या ग्राउंडवर नेलं होतं. लंचला खेळाडू आत गेले तेव्हा मला म्हणाली, 'ते जेवायला घरात जातात, मग आपणच का बाहेर बसून पोळी-भाजी खायची?' साडी हिरवीच होती. पण मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तू हिशेबी माणूस. तू अंपायर. तू देशील तो निकाल."

एवढी मोठी जबाबदारी मला याआधी फक्त मंडळाच्या खुर्च्या मोजण्याची मिळाली होती. मी कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या, फोटो मोठा करून फ्रिजवर लावला आणि स्प्रेडशीट उघडलं. काउंटीच्या लायब्ररीतल्या एका सज्जन स्वयंसेवकाला इतके ईमेल पाठवले, की शेवटी त्याने उत्तराची सुरुवात 'डिअर सर'ऐवजी 'ओ डिअर' अशी केली. ग्राउंड जुळलं. साल जुळलं. सावल्यांवरून वेळ काढायला गेलो तर सूर्य उत्तरेला आहे असं निघालं. ते मी 'किरकोळ तफावत' या रकान्यात टाकलं. आणि मग भिंगातून मला जे दिसलं त्याने माझी छाती फुगली. बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

काकू पुण्याच्या, त्यांचा पदर कायम डाव्या खांद्यावर. उजव्या खांद्यावर पदर घेतात गुजराती बायका. लंडनमध्ये वेम्बलीच्या गुजराती दुकानांत जाऊन मी खात्री करून घेतली. म्हणजे किती बायकांचे खांदे निरखले ते सांगत नाही. मुग्धाने मला मिठाईच्या दुकानातून दंडाला धरून बाहेर आणलं एवढं पुरे.

निकाल मी काकांच्या घरी प्रिंट काढून नेला. चिवड्याची वाटी बाजूला सारून मुद्देसूद वाचला. "तात्पर्य, या काकू नाहीत. या कुणी गुजराती बाई आहेत."

काकांनी कार्ड एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "बरं. अंपायरने दिलं की दिलं." कार्ड खिशात गेलं. चहाचं त्यांनी विचारलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं, आणि मी मात्र वाटेत स्वतःच्या पद्धतीवर खूश होतो.

थोड्याच दिवसांत कळलं की काका घर विकून मुलीकडे, बर्मिंगहॅमला चाललेत. मी फ्रिजवरचा फोटो काढायला गेलो तर मुग्धा म्हणाली, "हा डावखुरा ना रे? माझा दादा असाच उभा राहतो."

"थांब, मागे लिहिलं असेल," असं म्हणून मी दुसऱ्या बाजूचा स्कॅन उघडला. मागच्या बाजूचे सगळे आकडे मी कधीच उतरवून घेतले होते, धावांपासून सरासरीपर्यंत. शब्द सोडले होते. त्यांची बेरीज होत नाही. पहिलीच ओळ होती: उजव्या हाताचा फलंदाज.

मुग्धा फोटोकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे फोटो उलटा छापलाय? आणि तू सूर्य उत्तरेला नेलास?"

मी चपलांतच धावलो. काका हॉलमध्ये खोक्यांना टेप लावत होते.

"काका, फोटो उलटा छापलाय! पदर डाव्या खांद्यावर आहे!"

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला मी खेळताना पाहिलंय. उजव्या हाताने काय कव्हर ड्राइव्ह मारायचा."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"अंपायर कोण होता?"

मी खोक्यावर बसलो. पिकनिकच्या दिवशी पॅड सोडत बसलेले काका डोळ्यांसमोर आले. त्यांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "आता सांग. ती आहे का?"

खरं सांगायचं तर कळत नव्हतं. डाव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. माझा एक पुरावा बाद झाला होता, एवढंच. चेहरा अजून मोहरीएवढाच होता. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे रकाना नव्हता.

"काका, शंका आहे."

"मग फायदा कुणाला?"

मी हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. "नॉट आऊट," म्हणालो.

काकांनी कार्ड सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले. मग टेप बाजूला ठेवून म्हणाले, "किटली कुठल्या खोक्यात गेली बघ. चहा करू."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी बर्मिंगहॅमला त्यांच्या मुलीला, सुजाताला, भेटायला गेलो. तिने त्यांची खोली दाखवली. ड्रेसिंग टेबलवर छोट्या स्टँडमध्ये ते कार्ड होतं, पण खोलीकडे पाठ करून, आरशाच्या अगदी समोर. माझ्याकडे आली होती ती आकड्यांची बाजू.

"बाबांनी हा कार्ड असाच ठेवला," सुजाता म्हणाली. "मी डस्टिंग करताना सरळ करायची, ते परत फिरवायचे. एव्हरी टाइम. का, मला कधी सांगितला नाही."

मी गुडघे वाकवून आरशात पाहिलं. बॅट्समन उजव्या हाताने फटका मारत होता. मागे हिरव्या साडीतली बाई बसली होती, पदर डाव्या खांद्यावर.

"आता तरी सरळ करू?" सुजाताने हात पुढे केला.

माझी तर्जनी सावकाश वर गेली.